एकाही फोटोत नसलेला नवरा

आमच्या गल्लीत पासपोर्टाचे फोटो काढणारं एकच दुकान आहे आणि त्या दुकानातला माणूस दिवसभर एकच वाक्य बोलतो, "हनुवटी जरा खाली." समोर शाळकरी पोरगी बसो की दोन हनुवट्या बाळगणारा सद्गृहस्थ, वाक्य तेच. म्हणून मी त्याचं नाव हनुवटीराव ठेवलं. आपल्याला ते आवडत नाही असं तो सांगतो. पण त्या नावाने हाक मारली की ओ देतो, तेव्हा मी त्याच्या सांगण्याकडे लक्ष देत नाही.

दुकान म्हणजे बोळासारखी लांबट खोली. दाराशी काउंटर, आत पांढरा पडदा, गोल फिरणारं स्टूल आणि त्याच्या दोन बाजूंना दोन दिवे. काउंटरच्या अलीकडे एक खुर्ची आहे, ती गिऱ्हाइकांसाठी. तीत मी बसतो. मुलाकडे परदेशात येऊन राहिलेल्या म्हाताऱ्याच्या कानांना काहीतरी खाद्य लागतं, आणि व्हिसाचा फोटो काढायला आलेला माणूस जितकं बोलतो तितकं तो न्हाव्यापुढेही बोलत नाही. कोणाची बायको यायला तयार नाही, कोणाची सासू नको म्हटलं तरी येतेय, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. एवढ्या सुखासाठी मी गिऱ्हाइकांना उभं ठेवतो, हे कबूल.

हनुवटीराव गावाकडे मोठा फोटोग्राफर होता. इथे कामाच्या परवान्यावर आला तो या दुकानात नोकरीला. चार वर्षं त्याने काय केलं, तर नुकत्याच येऊन पोचलेल्या इतरांच्या बायकामुलांना स्टुलावर बसवून त्यांचे रहिवासी कार्डासाठी फोटो काढले. त्याची स्वतःची बायको आणि मुलगी तिकडेच. निघाला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. रोज जेवणाच्या सुट्टीत तो फोन स्टेपलरला टेकवून उभा करायचा आणि डबा खाता खाता त्या दोघींशी बोलायचा. मी तेवढ्यापुरतं पेपरात तोंड घालायचो. ऐकू सगळं यायचं.

इथला कायदा असा की, घरच्यांना बोलवायचं तर आधी काही वर्षं नीट राहून दाखवा, नोकरी पक्की दाखवा, पुरेशा खोल्यांचं घर दाखवा. हनुवटीरावाने सगळं दाखवलं. मुलीसाठी जास्तीची एक खोली घेतली. तिथे एक छोटा पलंग टाकला आणि दर रविवारी त्या पलंगावरची चादर तो धुवायचा.

"अरे, त्यावर झोपतं कोण?" मी एकदा विचारलं.

"धूळ बसते, काका."

अर्ज गेला. पाच महिन्यांनी जाडजूड लिफाफा आला. ते पत्र वाचायला आम्ही शेजारच्या लाँड्रीवाल्या बाईंना बोलावलं. या बाईंनी तीन वर्षांपूर्वी आपल्या नवऱ्याला असाच अर्ज करून आणला होता, त्यामुळे गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. "आणायचा फॉर्म मला पाठ आहे," त्या म्हणायच्या, "परत पाठवायचा कुठे मिळतो ते अजून सापडलं नाही."

हात पुसत त्या आल्या, पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा वर सरकवला.

"तुमचं लग्न त्यांना खरं वाटत नाही."

"म्हणजे?"

"लग्नाची नोंदणी तुम्ही निघायच्या दोन महिने आधीची आहे. मुलीच्या जन्माचा दाखलाही त्याच पंधरवड्यातला. त्यांना वाटतं, इकडे यायचं ठरल्यावर बायको आणि पोर कागदावर उभी केली."

"अहो बाई, लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. पासपोर्टाला कागद लागले म्हणून सगळे एकदम काढले. लग्न झाल्या झाल्या नोंदणीला कोण पळतं आपल्यात?"

"ते मला माहीत आहे, त्यांना नाही. म्हणून तर त्यांनी दोघांचे फोटो मागितले होते. पाठवले नव्हते का?"

"चाळीस पाठवले."

बाईंनी पत्रावर बोट ठेवलं. "चाळीसपैकी एकातही नवरा दिसत नाही, असं लिहिलंय. तीस दिवसांत पुरावा द्या, नाहीतर अर्ज फेटाळणार."

हनुवटीरावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कॉम्प्युटर उघडला आणि आम्ही तिघांनी ते चाळीस फोटो बघितले. ओट्याशी उभी बायको. पायरीवर मुलीची वेणी घालणारी बायको. स्टेशनवर सामानावर बसलेली बायको. फोटो एकाहून एक. उजेड असा की ओट्यावरचं पातेलंसुद्धा देखणं दिसावं. पण नवऱ्याचा पत्ता नाही. असणार कुठून? तो कॅमेऱ्याच्या मागे.

"फोटो छानच आहेत," मी म्हटलं, "पण बायको सगळीकडे तुला खाऊ की गिळू करून बघतेय."

"तिला फोटो काढून घेणं आवडत नाही."

"लग्नाचा अल्बम तरी असेल?" बाईंनी विचारलं.

हनुवटीराव स्टेपलर उघडझाप करत बसला. मग कळलं ते असं. लग्नाचे फोटो काढायला त्याने आपल्याच धंद्यातला एक मित्र सांगितला होता. त्या मित्राने दिवे चुकीचे लावले. नवरदेव स्टेजवर बसल्या जागी तळमळायला लागला. "एक मिनिट" म्हणून उठला, मित्राच्या हातातून कॅमेरा घेतला आणि मग पाहुणे संपेपर्यंत काही तो परत जागेवर गेला नाही. त्यामुळे अख्ख्या अल्बममध्ये नवरी आहे, शेजारी रिकामी खुर्ची आहे आणि दोन्हींच्या मागे हात जोडून उभे पाहुणे आहेत. सासूबाई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला तो अल्बम दाखवून म्हणतात, "आमची मुलगी खुर्चीला दिली."

लाँड्रीवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला कोणीतरी म्हणायचं ना, की बाबा, आज तुझं लग्न आहे."

"सगळे म्हणत होते," तो म्हणाला. "पण उजेड फार वाईट होता."

आता माझा गुन्हा सांगतो. बाई गेल्यावर मी त्याच्या जवळ सरकलो आणि म्हटलं, "अरे, तू पुसलेले चेहरे जोडतोस, टाय नसलेल्याला टाय लावतोस. खुर्ची रिकामी आहे. बसव की स्वतःला."

तो उठला, दिवे लावले, स्टुलावर बसला आणि स्वतःचा फोटो काढला. मग कॉम्प्युटरपुढे वीस मिनिटं. आणि काय सांगू, नवरा खुर्चीत येऊन बसला. पायांची सावलीसुद्धा नीट पडलेली. मी तर मनातल्या मनात मुलीला आणायला विमानतळावर पोचलो होतो.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "उजेड जुळत नाही, काका."

"मला तर जुळलेला दिसतो."

"तिच्यावर डावीकडून आहे. आणि ती तेव्हाची, मी आजचा. हा बाप वाटतोय तिचा." त्याने फोटो पुसून टाकला. "पकडलं ना, तर तिला जन्मात येता येणार नाही. आणि नाही पकडलं, तर ती इथे आल्यावर मला विचारेल, हा कुठला फोटो? तिला काय सांगू?"

त्यावर मी माघार घेतली आणि परत खुर्चीत जाऊन बसलो. माझ्या बाबतीत हे फार वेळा घडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सरळ पत्र लिहिलं. फोटो मीच काढलेत, म्हणून मी त्यांत नाही. बरोबर चार वर्षांतल्या फोनची यादी जोडली. रोज दुपारी तोच नंबर. लाँड्रीवाल्या बाईंनी शुद्धलेखन तपासलं आणि म्हणाल्या, "खरं आहे, पण ऐकायला थापेसारखं वाटतं."

त्यांचं उत्तर आलं की अर्जदाराच्या पत्नीने तिकडच्या व्हिसा कचेरीत मुलाखतीला यावं. आता सगळं घोडं तिच्या तोंडावर अडलं होतं. हनुवटीरावाने प्रश्नोत्तरांचं एक पानच तयार केलं. लग्नाची तारीख, घराचा नंबर, नवऱ्याचा आवडता रंग. जेवणाच्या सुट्टीत ते तो फोनवर वाचायला लागला.

"अहो, पुरे," बायको तिकडून म्हणाली. "मला पढवू नका. पढवलेलं मी विसरते."

"अगं, पण त्यांनी विचारलं तर?"

"विचारलं तर सांगेन. आठ वर्षं संसार केलाय, परीक्षेला बसल्यासारखं काय करताय?"

मुलाखतीच्या दिवशी मी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दाराशी हजर. हनुवटीरावाने तीन गिऱ्हाइकांचे डोळे मिटलेले फोटो काढले. एकाला हनुवटी वर करायला सांगितली, तो बिचारा छताकडे बघत बसला. अकराच्या सुमाराला व्हिडिओचा फोन वाजला. हातात कॅमेरा होता म्हणून त्याने तो स्टेपलरला टेकवून स्पीकरवर टाकला. देव त्याचं भलं करो.

"अहो, ऐकताय ना?"

"बोल."

"आधी आम्हा दोघींना तासभर बसवून ठेवलं. मग आत एक बाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी एक दुभाषी. त्यांनी आपले सगळे फोटो टेबलावर मांडले. विचारलं, यात नवरा कुठे आहे? मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या मागे. त्या म्हणाल्या, मागे तर कोणीही असू शकतं. मग मला राग आला."

हनुवटीरावाने डोळे मिटून घेतले.

"मी म्हटलं, बाई, माझं तोंड बघा. परक्या माणसापुढे कुठली बाई असं तोंड करते? परक्याने फोटो काढला असता तर मी हसले नसते का?"

"असं म्हणालीस तू?"

"मग काय करू? एकेक उचलून सांगितलं. हा बघा, दूध उतू चाललंय आणि हे म्हणतायत, तशीच थांब. हा बघा, पोरीला ताप आहे, औषध आणायचं सोडून हे म्हणतायत, खिडकीतून काय सुंदर उजेड येतोय. हा स्टेशनवरचा. गाडी फलाटाला लागली, हमाल मिळत नाही आणि हे जमिनीवर उताणे पडलेत. त्या गाडीत आम्हाला जागा मिळाली नाही, हेही सांगितलं."

"ते कशाला सांगायचं?"

"मनात होतं. तो दुभाषी आधी हसायचा, मग सांगायचा. बाई त्याच्यावर चिडल्या, मग त्यासुद्धा हसायला लागल्या. अकराव्या फोटोला म्हणाल्या, पुरे. त्यांच्या नवऱ्याला म्हणे मासे धरायचा नाद आहे. दर रविवारी जातो. एक मासा घरी आलेला नाही. मी म्हटलं, निदान फोटो तरी काढत नाही ना, सुखी आहात."

"मग?"

"मग काय? हिला त्यांनी चॉकलेट दिलं. हिने पटकन खाल्लं, आभार मानायचं राहिलं. मी तिथेच डोळे वटारले."

"अगं, निकाल काय लागला?"

"हो, ते राहिलंच. मंजूर. पासपोर्ट ठेवून घेतलेत, आठवड्याने देणार आहेत."

हनुवटीराव काउंटरला धरून हळूहळू खाली बसला, थेट फरशीवर. माझाही जीव भांड्यात पडला, पण मी वयाने मोठा असल्यामुळे खुर्चीतच राहिलो. आत स्टुलावर एक गिऱ्हाईक मघापासून ताठ बसलं होतं. त्याने हळूच विचारलं, "मी असाच बसू का?" फोनमधून बायकोही विचारत होती, "अहो, कुठे गेलात? दिसत का नाही?"

महिन्याभराने एका दुपारी आम्ही विमानतळावर गेलो. गाडी लाँड्रीवाल्या बाईंची, चालवायला त्यांचा नवरा. त्याचा हा उपयोग निघाल्यावर बाई त्याच्याशी दिवसभर गोड बोलत होत्या. विमान वेळेवर उतरलं, पण आतून माणसं येईनात. पाऊण तास गेला. हनुवटीरावाच्या डोक्यात नाही नाही ते. आत अडवलं असेल, एखादा कागद कमी पडला असेल, परत पाठवत असतील. "बॅग सापडत नसेल," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही.

मग दार सरकलं आणि दोघी बाहेर आल्या. पुढे सामानाची गाडी ढकलणारी बायको, मागे दांडा धरून मुलगी. हनुवटीराव जागचा हललाच नाही. चार वर्षं ज्या भेटीची तयारी केली, तिथे माणसाचे पाय चिकटले.

मुलगी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. कळायला लागल्यापासून तिने आपला बाप स्टेपलरला टेकलेल्या फोनमध्ये, गळ्यापर्यंतच पाहिलेला. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, एकदा मागे जाऊनही पाहून आली आणि आईला म्हणाली, "आई, बाबा एवढे उंच आहेत?"

"आहेत," आई म्हणाली. "सवय होईल." मग त्याच्याकडे वळली. "रडताय काय असे, लोक बघतायत. एक बॅग मिळत नव्हती, म्हणून उशीर झाला. ही धरा आधी, माझा खांदा गेला."

चार वर्षांत समोरासमोर मिळालेली ही पहिली आज्ञा. ती त्याने इतक्या घाईने पाळली की बॅगेबरोबर सामानाची अख्खी गाडीच ओढून चालायला लागला, पार्किंगच्या उलट्या दिशेला. मुलगी त्याच्यामागे पळाली. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काका," ती मला म्हणाली, "हे रोज जेवत होते का हो वेळेवर?"

या प्रश्नावर माझ्याकडे चार वर्षांचा साठा होता. मी तिचा हात धरून चालायला लागलो आणि सांगायला सुरुवात केली.