बारावीचा बाळू सासरा होतो

झरीचा आश्रुबा सत्तावीस वर्षं बारावीत होता. खरा नव्हे हो, नाटकातला! ज्वारीची रास झाली की शाळेच्या मैदानात गावाचं 'संगीत बाळूची बारावी' लागायचं. बाळू चंद्राच्या प्रेमात पडतो, तीनदा नापास होतो, अठरा गाणी म्हणतो आणि शेवटी पास होऊन, नोकरीला लागून चंद्राला मिळवतो. आश्रुबाचं पोट सुटलं, गुडघे वाजायला लागले, तरी बाळू तोच. चंद्राही तीच, म्हणजे एसटीतून रिटायर झालेला पंडित कंडक्टर, मिशी काढून.

यंदा गावातल्या बायकाच हट्टाला पेटल्या. चंद्राचं काम बाईच करणार! निवड झाली आश्रुबाच्याच लेकीची, भक्तीची. आता बापानं लेकीपुढं प्रेमाची गाणी कशी म्हणायची? शी! बाळूचं काम गेलं परमेश्वरकडे. हा चारठाणा गावचा, झरीच्या शाळेवर नवा लागलेला मास्तर. पंडित झाला चंद्राची आई आणि आश्रुबाच्या वाट्याला आला चंद्राचा बाप.

आश्रुबाचं तोंड एवढंसं झालं. लय लागलं त्याच्या मनाला. "म्हंजे आमी म्हातारे झालो म्हना की," तो बायकोला म्हणाला.

"झालाव की वो," सुमनबाई म्हणाली. "चोवीस वर्साची लेक हाय घरात."

तालमीला तो फिरकलाच नाही. "त्या बापाच्या शिव्या सत्तावीस वर्सं खाल्ल्यात मी. मला काय शिकवायलाव?" ही त्याची मिजास. त्यामुळं दोन महिने तालमीत काय शिजत होतं ते सगळ्या गावाला कळलं, एका आश्रुबाला सोडून.

रात्री आठच्या प्रयोगाला मैदान फुललं. पहिल्याच अंकात परमेश्वर हात जोडून उभा राहिला. "काका, चंद्राला माझ्या पदरात घाला."

इथं बापानं गरजायचं असतं, "तंगडं मोडीन!" मग अडीच तास नाटक चालतं. पण ते पोर खरोखर काकुळतीला आलं होतं. आश्रुबाला त्याची अशी दया आली म्हणता! सत्तावीस वर्षं त्याच जागेवरून तो स्वतः हाकलला गेला होता. खोटं खोटंच, पण दर वर्षी जिव्हारी लागायचं. तो पार विरघळला.

"दिली," आश्रुबा म्हणाला. "जा घेऊन!"

झालं! सव्वाआठला नाटक संपलं. पेटीवाल्यानं सवयीनं मंगलाष्टकं धरली. लोक खवळले, "गानी कुठं हायत? आमी डबे बांधून आलाव!" तेवढ्यात पंडित पदर खोचून पुढं झाला. "आईला इचारलं का? मी न्हाई देत जा!" टाळ्यांनी मैदान दणाणलं आणि नाटक पुढं सुरू झालं.

आतल्या बाजूला आल्यावर पंडित घाम पुसत म्हणाला, "लय घाई केलीस बाबा. उद्या मास्तरचे मायबाप येनारच हायत की मागनी घालायला."

"कोनाला?"

"भक्तीला! घ्या, ह्याला पत्ताच न्हाई!"

आश्रुबानं पडद्याच्या फटीतून पाहिलं. भक्ती गाताना ओळ विसरली होती, परमेश्वर ती हळूच सांगत होता आणि दोघंही हसत होते. आश्रुबा मटकन खाली बसला.

शेवटचा अंक आला. बाळू पास झाला, नोकरीला लागला. परमेश्वर परत हात जोडून उभा राहिला. आता 'दिली' म्हणायचं आणि पडदा पाडायचा, एवढंच काम. पण मघाशी इतक्या सहज सुटलेला शब्द आता तोंडातून निघेना. पंडितनं शेजारून तीनदा कुजबुजून सांगितला. लोकांना वाटलं, काय अभिनय करायलाय गडी!

समोरून सुमनबाई उठली. "आवं, म्हना की! मला पसंत हाय पोरगा."

आश्रुबानं लेकीकडं पाहिलं. नाटकात 'चंद्रा दिली' असं वाक्य होतं.

"भक्ती दिली," तो म्हणाला, आणि भर मैदानात हमसून हमसून रडला.