व्याही, वैद्यीण आणि वाय-ओ-यू

जी माणसं कधी जन्मालाच आली नाहीत, त्यांच्या प्रेमाची काळजी करून वजन उतरलेला माणूस ग्वाल्हेरात एकच असेल, आणि ते म्हणजे आमचे व्याही. सरकारी दफ्तरातून निवृत्त होऊन हरिशंकरपुरमच्या घरी बसले आणि कॉम्प्युटरवर खेळायला लागले. खेळात तलवारी, जंगल, राक्षस. पण राक्षस आला की व्याह्यांना जांभया येतात. त्यांचा जीव बोलण्यात. ते त्यात भाडोत्री शिपाई आहेत आणि त्यांच्या टोळीत एक वैद्यीण आहे. ही मंडळी तोंडाने बोलत नाहीत, खाली इंग्रजी अक्षरं उमटतात, आणि आपण काय म्हणायचं त्याची चार उत्तरं समोर येतात. वैद्यिणीने एकदा ‘हात दुखतोय का?’ एवढंच विचारलं, तर उत्तर निवडण्याआधी व्याही गच्चीवर चार चकरा मारून आले. विहीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तिलाही चहा टाकू का?”

मी चौथी पास. सारी उमर इंदरगंजात स्कूटरी दुरुस्त केल्या. इंग्रजी येत नाही, पण गाडी काय आणि माणूस काय, कुठे अडकलंय ते मला आवाजावरून कळतं. म्हणून लेकीला भेटायच्या निमित्ताने गेलो की व्याही मला सगळं मराठी करून ऐकवत आणि मी निकाल देत असे. दुसऱ्या एका खेळात भेटी दिल्या की पडद्यावर समोरच्याचं काळीज भरत जाई. पाच हार, दोन अंगठ्या, झालं प्रेम! मी म्हणालो, “हे तर मानपान झालं. आमच्या लेकीच्या लग्नात तुमच्याकडच्यांना काय कमी दिलं? केलं का कुणी प्रेम?” व्याही पोट धरून हसले आणि तो खेळ त्यांनी त्याच दिवशी काढून टाकला. वैद्यिणीचं तसं नव्हतं. शिपायाने एका शरण आलेल्याला मारलं, तेव्हा ती गप्प राहिली. कितीतरी दिवसांनी त्याचीच जखम बांधताना म्हणाली, “त्या माणसाचं रक्तही याच रंगाचं होतं.” तरी टोळी सोडली नाही. याला म्हणतात लिहिणं. दोस्त चूक विसरत नाही, आणि चालतो मात्र बरोबरच.

आमचं भांडण झालं ते ‘तू’वरून. इंग्रजीत राजा असो की घोडा, सगळ्यांना एकच ‘यू’. मराठी करताना व्याह्यांना ठरवावं लागे. खेळात नदी ओलांडताना वैद्यिणीने बुडत्या शिपायाला ओढून काढलं, तर त्यांनी तिच्या तोंडी एकदम ‘तू’ घातलं.

“जमणार नाही,” मी म्हणालो. “तिने अजून आपल्या घरचं काही सांगितलेलं नाही.”

“अहो, पण तिने त्याला मरणातून वाचवलं!”

“वैद्यीणच ती. वाचवणं तिचं कामच आहे.”

दुपार त्यातच गेली. शेवटी “बहोत जिद्दी आदमी हो आप” म्हणत त्यांनी सगळं पुन्हा ‘तुम्ही’ लावून वाचलं. आमचं दोघांचंही इतकी वर्षं अहो-जाहोच. मी मुलीचा बाप. व्याह्यांना अरे-तुरे करायची आमच्यात रीत नाही.

यंदा व्याह्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. कडेची झाडं दिसतात, अक्षर पुसलं जातं. गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि खेळ शेवटच्या गावात येऊन थांबलेला. वैद्यीण शिपायाजवळ राहणार की आपल्या वाटेने जाणार, तेवढंच कळायचं उरलं होतं. सुनेकडून प्रेमाचं बोलणं वाचून घ्यायची व्याह्यांना लाज. विहीणबाई म्हणाल्या, “सवतीचं पत्र मी वाचू?” म्हणाल्या खऱ्या, पण पदर डोळ्यांना लावला.

मग मी खुर्ची ओढली. ‘मला येत नाही’ असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटांनी ए-बी-सी-डी शिकवलेली होती. एकेक अक्षर मी बोलायचं, शब्द त्यांनी जोडायचा. एका वाक्याला चहाचा कप निवून जाई.

परवा वैद्यिणीचं शेवटचं वाक्य आलं. मी बोट लावून वाचलं, “आय. डब्ल्यू-आय-एल-एल. एस-टी-ए-वाय. डब्ल्यू-आय-टी-एच. वाय-ओ-यू.”

“मी राहीन...” व्याही म्हणाले आणि थांबले.

“तुझ्याबरोबर की तुमच्याबरोबर?” मी विचारलं.

ते पडद्याकडे नाही, माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. “तूच ठरव.”

शब्द निसटला की मुद्दाम म्हटला, ते मी विचारलं नाही. “तुझ्याबरोबर,” मी म्हणालो.

खाली शिपायाची चार उत्तरं उमटली होती. पहिलं अक्षर कोणतं, ते मला जरा वेळ दिसेना.