आत्तीची चौकशी आणि माझी अठरा टूल्स

पेनिट्रेशन टेस्टिंगच्या परीक्षेत मी पहिल्यांदा सपशेल आपटलो, तेव्हा माझ्याकडं अठरा टूल्स होती. मालकाच्या परवानगीनं त्याच्याच कॉम्प्युटरात शिरायचं आणि भोकं कुठं आहेत ते त्याला दाखवायचं, असं हे काम. शिरण्याआधी समोरच्याची माहिती काढावी लागते, त्यासाठी ही टूल्स. राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत बसून एकेक उतरवून घेतलेली, सीडीवर भरलेली. परीक्षेत मी सगळी एकदम सोडली. माहितीचा असा ढीग पडला की वाचायलाच वेळ उरला नाही, आणि एक मशीन तर माझ्या माऱ्यानं बंदच पडलं. पुण्यातल्या एका कंपनीनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. अजून एकदा परीक्षेला बसा, या खेपेला नापास झालात तर दुसरा माणूस घेऊ, असं त्यांनी स्वच्छ कळवलं.

मग मी काय करावं? आणखी टूल्स शोधायला लागलो. डोकं तापलं की मला कमी करायचं सुचतच नाही.

त्याच दिवसांत आत्तीनं मला स्कूटर काढायला लावली. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमच्या भावकीचं चौकशी खातं. कुणाच्याही मुलीला स्थळ आलं की मुलाच्या गावी जाऊन खरं-खोटं काढून आणायचं काम तिचं. शाळा चौथीपर्यंत. पण तिनं होकार दिलेल्या घरातून एकही मुलगी रडत परत आलेली मला आठवत नाही. या वेळी चुलत बहिणीसाठी बिद्रीकडचं स्थळ होतं.

गावात शिरल्यावर मी गाडी थेट मुलाच्या घराकडं वळवली, तर पाठीत धपाटा बसला.

“आरं, घरात शेवटाला जायचं! आदी दूध डेरीवर चल.”

डेअरीतल्या माणसानं “या पावणं, कुठलं म्हणायचं?” केलं. आत्ती टेकली, पाणी प्याली, म्हशींच्या गप्पा मारल्या आणि मग सहज विचारलं, अमक्यांच्या दुधाला फॅट कसं लागतं? “कायम चांगलं लागतंय की,” तो म्हणाला. झालं, ती उठली. दुधात पाणी घालणारं घर डेअरीपासून लपत नाही, हे तिनं मला बाहेर आल्यावर समजावलं. पिठाच्या गिरणीतही एकच प्रश्न, त्यांचं दळण कोण आणतं? थोरली सून आणते, पण कुणाशी बोलत नाही, असं उत्तर मिळालं.

एवढ्यात माझ्यातला शहाणा जागा झाला. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला मी एका दमात सगळं विचारून टाकलं. मुलगा पितो का, जमीन किती, भाऊभाऊ भांडतात का. तो गोड हसला, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला गृहस्थ सायकलवर टांग मारून निघून गेला. आम्ही मुलाच्या घरी पोचलो तर अंगणात ओला सडा, सोप्यात नवी कोरी चादर, आणि मुलाचे वडील भर दुपारी फेटा बांधून बसलेले.

आत्ती माझ्या कानाशी आली. “बघ. धा इचारलंस आन गाव सावध झालं. आता ह्ये दावतील त्येवढंच दिसायचं.”

पण तिनं हात टेकले नाहीत. पाण्याच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली, थोरल्या सुनेपाशी बसली आणि काहीही न विचारता नुसती बघत राहिली.

“पाणी द्यायच्या आदीबी ती सासूकडं बघती,” परतताना तिनं निकाल सांगितला. “गिरणीत बोलत न्हाय, घरात बोलत न्हाय. आपली पोरगी बोलकी हाय. न्हाय जमायचं.” त्या घरी मात्र पत्रिका जुळत नाही एवढंच कळवलं. त्या घराबद्दल बाहेर कुठं एक शब्द काढला नाही.

मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अठरा टूल्सची यादी समोर घेऊन बसलो. प्रत्येकापुढं लिहिलं, हे नेमका कुठला प्रश्न विचारतं, आणि विचारलेलं समोरच्याला कळतं का? अकरा टूल्स तोच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात विचारत होती. शेवटी तीन ठेवली. एक समोरच्याच्या दाराशी न जाता सार्वजनिक नोंदी वाचणारं. दुसरं पोर्ट स्कॅनर, म्हणजे कुठल्या नंबरची दारं उघडी आहेत ते सांगणारं. तिसरं अगदी साधं, उघड्या दाराशी उभं राहून आपण हातानं टाइप केलेली एकेक ओळ बोलणारं. त्या तिन्हींवरच पुढचे काही महिने घासले.

दुसऱ्या परीक्षेत संध्याकाळ होत आली तरी एक मशीन दाद देत नव्हतं. ते राहिलं असतं तर पुण्याची जागा गेलीच. सगळी टूल्स पुन्हा सोडावीत म्हणून हात शिवशिवत होते. त्याऐवजी स्कॅनरनं सकाळी दिलेली यादी पहिल्या ओळीपासून पेन्सिलीनं कागदावर उतरवली. मशीन स्वतःला टपालाचं, म्हणजे ई-मेल पोचवणारं, म्हणवत होतं, पण पार वरच्या नंबरच्या एका दारामागं भलतंच कुणीतरी होतं. ती ओळ मी तीनदा ओलांडून गेलो होतो. तिथं हातानं एक ओळ पाठवली. पलीकडच्या प्रोग्रामनं आपलं नाव आणि जुनाट आवृत्ती मुकाट्यानं सांगितली. त्या आवृत्तीतलं भोक जगजाहीर होतं, अर्ध्या तासात मी आत होतो.

निकाल ई-मेलनं आला. मी पेढे घेऊन आत्तीकडं गेलो आणि नोकरी कसली ते तिला कळेल असं सांगितलं.

“म्हंजी चौकशीचंच काम की. आन पगार देत्यात?”

“व्हय, देत्यात.”

“मग मी जल्मभर फुकट केली की रं!” ती शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं हसली. मग पेढा मोडून निम्मा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, “माझ्या लग्नाच्या येळंला कुणी केली न्हवती. म्हणून दुसऱ्याच्या पोरींची केली.”

तिच्या घरी मी लहानपणापासून जेवत आलो होतो. हे सगळं ती का करते, हे मात्र मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.