लोड, बॉबिन आणि मधलं दार

मावशीच्या खोलीत दुपार सरकतच नाही. ती पडदे शिवते. शिवून झालेले पडदे तारेवर टांगलेले असतात, खिडकीतलं ऊन त्यांतून गाळून येतं, आणि ज्या रंगाची ऑर्डर असेल त्या रंगाची दुपार खोलीत होते. त्या दिवसांत ऑर्डर हिरवी होती. मशीनवर मावशी, तिच्या पायाशी म्हातारा बोका लोड, आणि लोडच्या पोटाशी चिमुकली बॉबिन, सगळे तळ्याच्या तळाशी बसल्यासारखे. मी कितीही तणतणत आले तरी तिथे पाऊल टाकलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा. मावशीचा तर कधी वर जातच नाही. तिला काही विचारलं की उत्तर चार टाके घालून झाल्यावर येतं.

त्या स्वप्नासारख्या खोलीत खुपायचा तो फक्त वास. बॉबिनचं पोट काही केल्या थाऱ्यावर येत नव्हतं. मावशीला ती जिन्याखाली सापडली होती, मुठीएवढी. लोडने पहिल्याच दिवशी तिला मानेला धरून आपल्या टोपलीत नेलं आणि चाटूनपुसून आपलीशी केली. बोका असं करतो हे मी कधी ऐकलं नव्हतं. "मांजराला वाघाची मावशी म्हणतात," मी म्हणाले, "हा तर चक्क आई निघाला!" मावशी गालात हसली. तिला त्यात नवल वाटलं नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॉबिनच्या शीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जिआर्डिया निघाला. डोळ्यांना न दिसणारा, आतड्याला चिकटून बसणारा परजीवी. औषधाने पोट सुधारायचं, आणि औषध संपलं की पुन्हा पातळ. मावशीने चादरी उकळल्या, वाळूचा ट्रे उन्हात तापवला, फरशी घासून घासून पार गुळगुळीत केली. तरी येरे माझ्या मागल्या. बॉबिनच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी लोडचाही नमुना मागितला. लोड धडधाकट होता, बशी चाटून लख्ख करणारा. आणि तोच निघाला घरचा भेदी.

"त्याला त्रास होत नाही, पण त्याच्या आतड्यात आहे," त्या म्हणाल्या. "तो तिला चाटतो, ट्रे दोघांचा एकच. तिला बरं केलं की त्याच्याकडून पुन्हा येतंय. दोघांना औषध द्या, आंघोळ घाला, आणि दोघांचे नमुने स्वच्छ येईपर्यंत अजिबात एकत्र आणू नका. मावशी, ही आणखी एक फेरी झेलणार नाही."

मावशीने मान हलवली. तिने मान हलवली म्हणजे ऐकलं, असं समजण्यात अर्थ नसतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी लोडला आतल्या खोलीत ठेवलं, बॉबिनला मशीनपाशी, मधलं दार लावलं आणि मोठं काम केल्याच्या थाटात घरी गेले.

थोड्या दिवसांनी मी भरदुपारी अवचित गेले. मधलं दार सताड उघडं. आता पडदे पिवळे होते, आणि त्या पिवळ्या उजेडात मावशी जमिनीवर आडवी झाली होती. तिच्या कुशीत बॉबिन आणि लोड. लोड डोळे मिटून बॉबिनचा कान चाटत होता. इतकं सुंदर दिसत होतं की मी रागवायचंच विसरले. मग आठवलं.

"मावशी! मारायचंय का तिला?"

"थोडाच वेळ उघडते गं."

"रोज?"

"दुपारीच. दाराखालून पंजा घालतो तो. बघवत नाही." ती बॉबिनच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. "विसरेल ती त्याला."

"विसरू दे! मांजर आहे ते!"

मावशी उठून बसली. "दादा तर माणूस होता," ती म्हणाली.

दादा म्हणजे तिचा मुलगा. तो रांगत होता तेव्हा मावशीला क्षय झाला. तिला लांबच्या दवाखान्यात ठेवलं आणि माझ्या आईने दादाला सांभाळलं. आमच्या घरात याला नुसतं 'मावशी आजारी होती तेव्हा' म्हणतात. त्यापुढचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

"बरी होऊन आले, तर तुझ्या आईच्या मागे लपला. मी हात पुढे केले तर किंचाळला. सगळे हसले. म्हणाले, बघा, आईलाच ओळखत नाही." तिने कपड्यांवरचे केस झटकले. "मीही हसले."

मला रडू आलं.

मावशीनेच मग लोडला उचलून माझ्या हातात दिलं. "तू ने याला. इथे असला तर मी दार उघडणारच."

लोड माझ्याकडे आला. आंघोळ घालताना आणि औषध देताना त्याने माझे हात ओरबाडून काढले, मी त्याचा उद्धार केला. तिकडे बॉबिनचं पोट थाऱ्यावर आलं, मणके मांसाखाली बुडाले. अखेर दोघांचे नमुने स्वच्छ आले, पुन्हा तपासले तरी स्वच्छच आले. मी लोडला घेऊन गेले.

बॉबिन मशीनखाली बसली होती. लोड दिसताच तिने पाठीची कमान केली, शेपूट फुलवलं आणि फिस्स केलं. लोड जागीच थांबला. मी तिला उचलायला वाकले, तर मावशीने माझा हात धरला.

"काही करू नकोस. राहू दे."

"मग दादाच्या वेळी तू काय केलं होतंस?"

"मशीनवर बसले, त्याच्याकडे पाठ करून. हात पुढे केला की पळायचा. म्हणून कित्येक दिवस पाठच केली."

"आणि?"

"आणि एकदा पाठीला काहीतरी टेकलं."

लोड आमच्याकडे न बघता खिडकीखाली गेला आणि आडवा झाला. बॉबिन लांबून त्याच्या शेपटीकडे टक लावून बघू लागली. मावशी मशीनवर बसली. थोडं शिवलं, थांबली, आणि मागे वळून न बघता मला विचारलं, "आली का गं जवळ?"

"अजून नाही," मी म्हणाले.

तिने मशीन पुन्हा सुरू केलं.