दाव्यातला जिना

भटूनानांना त्यांच्या मुलीच्या लग्नाचं साल विचारा, सांगणार नाहीत. "सातव्या तारखेनंतर, आठवीच्या आधी," म्हणतील. नानांचं सगळं आयुष्य असं कोर्टाच्या तारखांनी मोजलेलं. आमच्या वयाच्या माणसांच्या बंडीत तंबाखूची डबी असते, नानांच्या बंडीत टेप. माझ्या थोरल्याच्या लग्नात पंगत बसली तरी हे आपले मांडव मोजताहेत. "वीतभर रस्त्यामा ऊना शे," म्हणजे मांडव वीतभर रस्त्यात आलाय, असं मला ऐकवलं आणि मगच पाच बट्ट्या खाल्ल्या.

दावा तसा साधा. शेजारच्या जीवरामनं घरावर गच्ची घातली आणि जिना काढला तो दोघांच्या मधल्या बोळीत. नानांची बैलगाडी परसात जाईना. नाना कोर्टात गेले. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. कधी यांचे वकील नसत, कधी त्याचे. दोघंही आले की साक्षीदार नेमका लग्नाला गेलेला. मधल्या काळात बैल गेले, गाडीची चाकं एका ढाब्यावाल्यानं शोभेला नेली, दावा तेवढा धडधाकट राहिला.

यंदा नानांचे गुडघे बसले. एसटीची पायरी चढवेना. लागोपाठ दोन तारखा बुडाल्या. वकील म्हणाले, "नाना, तिसरी चुकली तर दावा फेटाळला म्हणून समजा." नानांनी अन्न सोडलं असं नाही म्हणणार मी, पण बट्ट्या दोनवर आल्या.

तेवढ्यात शहरातल्या कोर्टानं नव्या सोयी काढल्या. तिथेच, देवपूरला राहणारा नानांचा मुलगा ललित बातमी घेऊन आला. तिथे म्हणे आता मदत कक्ष आहे, पंख्याखाली खुर्ची देतात, अर्ज भरून देतात, सत्तरीपुढच्यांना आधी पुकारतात. आणि ज्याला येववत नाही त्यानं गावातूनच मोबाइलवर हजर व्हायचं! नानांना काही ते पटेना.

"कोर्ट मन्हा घर येई? मंग चहा कोन करी?"

चहाचं जमलं असतं. अडचण निघाली रेंजची. आमच्या गावात मोबाइलला रेंज येते ती एकाच ठिकाणी, जीवरामच्या गच्चीवर.

तारखेच्या दिवशी नाना धुवट धोतर नेसून, टोपी घालून, मोबाइल हातात धरून जिन्याखाली उभे. वर जीवराम. त्याचीही तारीख तीच की!

"चढा, नाना," जीवराम म्हणाला. "एकोणीस वरीसमा पाय नही ठेवा तुम्ही. पायऱ्या मोजी ल्या, साक्षमा कामले येतीन."

"मोजेल शेतस. चौदा," नाना म्हणाले आणि चढू लागले. जिन्याला कठडा नव्हता. म्हणून खालून मी ढकलतोय, वरून प्रतिवादी ओढतोय, असा आम्ही वादी वर पोचवला.

वर दोघांनी दोन मोबाइल सुरू केले, तर अशी शिट्टी निघाली की खालची शेळी दावं तोडून पळाली. शेवटी जीवरामनं आपला बंद केला आणि दोघं एकाच खाटेवर, एकाच मोबाइलसमोर बसले. न्यायाधीश बाई दिसताच नाना अदबीनं उठून उभे राहिले. बाईंना नुसतं धोतर दिसलं.

"बसा, बसा. वादी कोण?"

"मी, साहेब."

"आणि तुमच्या शेजारी?"

"ज्याच्यावर दावा आहे, तो."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "या जिन्याचा कोणालाही उपयोग नाही, नुसती अडवणूक आहे, असं तुम्ही दाव्यात लिहिलंय."

"हो साहेब. पाडा."

"आत्ता तुम्ही कुठे बसला आहात?"

नानांनी कोर्टापुढे आयुष्यात खोटं बोललेलं नाही. "याच्या गच्चीवर."

"वर कसे आलात?"

नाना माझ्याकडे बघतात, मी आभाळाकडे.

"जिन्यानं."

"कोणत्या?"

"दाव्यातल्या." मग नाना सावरले. "पण साहेब, कठडा नाही! माणूस मरेल."

"खरं शे साहेब," जीवरामनं मान डोलावली. "नाना पडतीन."

बाईंनी प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवलं. ही आणखी एक नवी सोय. तिथे निकाल देत नाहीत, दोघांना बोलतं करतात. आठवड्यानं पुन्हा तीच खाट, तोच मोबाइल. मध्यस्थांनी विचारलं, "नाना, जिना पाडला, तर बोळीतून काय नेणार?"

एकोणीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. नानांनी वाकून बोळीत पाहिलं. गाडी नाही, बैल नाहीत. "मी जाईन," म्हणाले.

"तुम्ही तर आत्ताही जाता."

"मग कठडा बसवा!"

तसं लिहिलं गेलं: जिना राहील, जीवराम कठडा बसवील, नानांनी हवं तेव्हा गच्चीवर यावं. दोघांनी सह्या केल्या.

कठडा बसला त्या दिवशी सकाळीच नाना टेप घेऊन हजर. मोजलं. चष्मा लावून पुन्हा मोजलं.

"चार बोटं बोळमा ऊना शे."

जीवरामच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. मी मनात म्हटलं, झालं, आणखी एकोणीस वर्षं.

नानांनी टेप बंडीत टाकली, कठड्याला हात घातला, एक पायरी चढले, मग दुसरी.

"राहू दे," वर न बघताच म्हणाले. "गुडघाले तितला आधार लागस."