पुढचा डावा, खालचा आर्म

जगात लोखंड गंजतं ते केवळ माझ्या साडभाऊंना काम मिळावं म्हणून, असं माझं ठाम मत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. सौंसरला राहतात. तहसीलीत नकला देण्याच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून अख्खं गाव त्यांना बाबूजी म्हणतं आणि मीही म्हणतो. निवृत्तीनंतर माणसं भजनाकडे वळतात, हे आपल्या जुन्या मोटारीच्या पोटाखाली वळले. मोटार पांढरी आहे, असं त्यांच्याकडून ऐकलं आहे. पुढच्या चाकांना धरणारे आर्म, स्प्रिंगा, मागचे पाटे, शॉकप, असा जो झटके खाणारा सगळा संसार गाडीखाली असतो तो त्यांनी एकेक करून बाहेर काढला आणि गाडी अंगणात विटांच्या चार थप्प्यांवर चढवून ठेवली. तिच्याखाली मांजरीची दोन बाळंतपणं झाली, पण गाडी काही खाली उतरली नाही.

उतरणार कशी? नोकरी सुटली तरी बाबूजींची कचेरी सुटली नव्हती. निघालेल्या प्रत्येक तुकड्याला ते लाल फितीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरात लिहीत, ‘पुढचा डावा, खालचा आर्म. आवक सोमवार.’ गंज काढायला घेतला की ‘विचाराधीन’. रंग वाळला की ‘निकाली’, आणि खाली सही. मी पांढुर्ण्याहून आलो की सहज विचारायचो, “बाबूजी, मागच्या पाट्यांचं काय झालं?” ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहायचे. “प्रकरण विचाराधीन आहे.” एकदा मी न विचारता एक बोल्ट उचलला, तर त्यांनी असा चेहरा केला की मी अर्ज लिहायला खिशात पेन शोधू लागलो.

गंज उतरवण्याची त्यांची रीतही त्यांचीच. बाजारात त्याची बाटली मिळते, पण संत्र्यांच्या मुलखात राहून ती विकत आणणं त्यांना कमीपणाचं वाटे. ओळखीच्या बगीच्यातून गळलेली कच्ची हिरवी संत्री पोत्याने आणायची, त्यांचा आंबट रस काढायचा आणि नटबोल्ट त्यात तीन दिवस बुडवून ठेवायचे. मग वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, मग रॉकेलचा हात, मग तांबड्या प्रायमरचे दोन हात आणि काळ्या रंगाचे तीन. घराला असा वास यायचा की पाहुण्याला कळू नये, इथे सरबत मिळणार की स्टोव्ह पेटणार. एका दुपारी मी उन्हातून आलो, ओट्यावरच्या पातेल्यातून गडवाभर रस काढला आणि तोंडाला लावणार, एवढ्यात ताई शांतपणे म्हणाल्या, “राहू द्या भाऊजी. त्यात शॉकपचे नट आहेत. तुमचं सरबत फ्रिजमधे आहे.”

या वेडाला एक कारण होतं आणि ते ताईंच्या पाठीत होतं. दोन वर्षांपूर्वी गाडी करकरत होती. ताई रोज म्हणायच्या, “अहो, खालून काहीतरी वाजून राहिलं.” बाबूजी रोज म्हणायचे, “चालते.” मग बोरगावजवळच्या एका ब्रेकरवर गाडी अशी आदळली की ताईंना सीटवरून उठताच येईना. नागपूरला ऑपरेशन झालं. पडल्या पडल्या त्या नवस बोलल्या होत्या, उठून चालता आलं की जामसांवलीच्या मारुतीला येईन. काठी घेऊन चालता आलं, पण डॉक्टरांनी झटके बंद सांगितले. बाबूजींनी त्याच दिवशी जॅक बाहेर काढला.

मी दोनदा म्हटलं, “ताई, माझी गाडी नवी आहे. चला, मी नेतो.”

“नको जी भाऊजी. मारुतीला कुठे घाई आहे? यांचं होऊ द्या.”

पण यांचं होईल तर ना. रंगवलेला भाग इतका देखणा व्हायचा की तो गाडीखाली पाठवायचं त्यांच्या जिवावर येई. पुढचा डावा, खालचा आर्म तर शोकेसमधे ताईंच्या चिनी मातीच्या कपांशेजारी बसला होता. “पाहा न साडभाऊ, कसा चमकून राहिला,” ते म्हणायचे. “याले आता चिखलात घालाचं म्हणता?” शेवटचा भाग निकाली निघेपर्यंत पहिल्यावर तांबूस ठिपका उमटायचा आणि ते प्रकरण फेरविचाराला घेतलं जायचं.

शेवटी नोटीस दिली ती ताईंनी, आणि तीही त्यांच्याच भाषेत. एका सकाळी बाबूजी उठून पाहतात तो ताईंच्या काठीला लाल फीत आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी. ‘आवक दोन वर्षे. विचाराधीन.’ त्यांनी ती दोनदा वाचली आणि मला फोन केला, “साडभाऊ, मिस्त्री घेऊन या. शनिवारी जाचं आहे.”

बुधवारी मी पांढुर्ण्याचा मिस्त्री नेला. त्याने शोकेसमधून आर्म काढला, गाडीखाली शिरला आणि बराच वेळ नुसता ठोकण्याचा आवाज आला. मग डोकं बाहेर आलं. “बाबूजी, रंग जास्त झाला, भोक कमी पडलं.”

बाबूजींनी पाचही हात भोकांच्या आत दिले होते. बोल्टांच्या आट्यांतही.

“आतून गंज लागला असता तर?”

“आत बोल्ट बसते ना जी. गंज कुठी बसन?”

मिस्त्रीने त्यांच्या हातात गोल कानस ठेवली. मग दोन दिवस बाबूजी पायरीवर बसून स्वतःचाच रंग खरवडत होते, आणि आपणच दिलेली नक्कल आपल्याच सहीने रद्द करणाऱ्या बाबूचा चेहरा कसा असतो ते मी पाहिलं. शुक्रवारी उन्हं उतरताना गाडी चारही चाकांवर उभी राहिली. मांजर पिल्लं घेऊन शेजारी राहायला गेली.

शनिवारी ताई पुढे बसल्या, मी मागे. बाबूजींनी काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ताईंच्या हातात दिला. “पाणी हाललं तर सांगाचं. लपवाचं नाही.” गाडी अशी निघाली की सायकलवाले शेजारून जाताना तब्येतीची चौकशी करत, उत्तर ऐकत आणि पुढे जात. देवळाच्या अलीकडे ब्रेकर आला. बाबूजींचे कान लाल झाले. पुढची चाकं हळूच चढली, हळूच उतरली. मागचे पाटे मात्र धप्पकन बसले, आणि अर्धा पेला ताईंच्या मांडीवर सांडला.

“हाललं?” रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

ताईंनी पदर ओढून ओलं झाकलं. “नाही जी. जसंच्या तसं.” मग उरलेलं पाणी त्या घटाघटा प्यायल्या. “तहान लागली होती.”

बाबूजी सीटवर वीतभर उंच झाले. देवळात ताई काठीवर रेलून मारुतीसमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. बाहेर चपला शोधताना मला हळूच म्हणाल्या, “पाठ नाही दुखली बरं भाऊजी. पातळ ओलं झालं तेवढंच. सांगू नका त्यांना.” मी अजूनपर्यंत सांगितलेलं नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा निघालो. गाडीचं दार उघडलं तर ताईंच्या सीटवर घडी घातलेला टॉवेल होता. त्याला लाल फीत, पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि तेच ठसठशीत अक्षर. ‘पुढची डावी सीट. कायम.’ खाली सही. ताईंनी चिठ्ठी वाचली आणि बाबूजींकडे पाहिलं. बाबूजी आरसा पुसत होते, जो आधीच स्वच्छ होता. ताईंनी टॉवेल मांडीवर पसरला आणि पेल्यासाठी हात पुढे केला. गाडी निघाली. मी सगळा रस्ताभर बाहेरची संत्र्याची झाडं पाहत बसलो, कारण समोर पाहणं बरं दिसलं नसतं.