पहिल्या लेकराची बिडी

डोमाजी अकोल्यात दवाखान्याच्या फाटकावर चौकीदार होता. पहिलं बाळंतपण सुखरूप झालं की बाप धावत बाहेर यायचा, डोमाजीच्या ओठात बिडी द्यायचा आणि स्वतःच्या हाताने पेटवायचा. नाही म्हटलं तर लेकराला अपशकुन. अशी पंधरा वर्षं डोमाजीने लोकांच्या आनंदाचा धूर गिळला.

चौसष्ट साली नव्या डॉक्टरीणबाईंनी फाटकावर पाटी लावली: इथे बिडी ओढू नये. आता डोमाजी बिथरणार, असं साऱ्यांना वाटलं. पण नातू झाला म्हणून दर्यापूरचे महादेवराव बिडी घेऊन आले, तेव्हा त्याने नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. महादेवराव जरा हिरमुसले, मग गुळाचा खडा घेऊन आले. डोमाजीने तो चवीने खाल्ला.

संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "सुटलो, जाई. मले बिडीचा वासच सहन होत नाई."

भाकर थापणारे जाईबाईचे हात थांबले. रोज सकाळी त्याच्या खिशात बिडीचं बंडल तीच ठेवायची.

"मंग बोलले काहून नाई?"

"तू मायेनं ठेवत होती. मी फाटकावर वाटून देत होतो."

"मले वाटे, तुमाले आवडते," जाईबाई म्हणाली. "त्या वासापायी पंधरा वर्षं मी तुमच्याकडे पाठ करून झोपली."